रोपं किती ते लिहिता, मायझाडं किती तेही लिहा

सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावल-चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत आणि वर पाल, तोरणमाळ, अक्राणीपर्यंत रोपवाटिका चालवणाऱ्या, बी गोळा करणाऱ्या आणि पावसाळ्यात खड्डे भरणाऱ्या सर्वांना: वनखात्यातले साहेब आणि वनरक्षक, ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आणि शाळा-कॉलेजांतले माझ्यासारखे हौशी गुरुजी.

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये मी एका रोपवाटिकेत गेलो होतो. कोणत्या, ते लिहीत नाही. तिथल्या माणसांचा दोष नाही, आणि जे दिसलं ते दुसरीकडेही दिसलं असतं. काळ्या पिशव्यांत अंजनाची रोपं ओळीनं उभी होती. पलीकडच्या वाफ्यात सालईच्या फांद्या रोवलेल्या, त्यांना लालसर पालवी फुटू लागलेली. रोपांची तब्येत झकास. पाणी घालणाऱ्या दादांना सहज विचारलं, अंजनाचं बी कुठलं?

"नाल्याकाठच्या त्या दोन झाडांचं. शेंगा हाताला येतात ना भो, चढावं नाही लागत."

आणि सालई?

"ती तर एकाच झाडाची. वादळात रस्त्यालगत पडलेलं होतं. सगळ्या फांद्या कामी आल्या."

दादांची काटकसर मला आवडली. पडलेल्या झाडाची फांदीन् फांदी लावायची, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. बाहेर फलक होता. त्यावर जातीचं नाव, रोपांची संख्या, पिशवीचा आकार, लागवडीची तारीख, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. घरी येताना मात्र एकच हिशेब डोक्यात घोळत राहिला. फलकावर सालईपुढे जो आकडा होता, तो खरं तर एक होता. पिशव्या शेकड्यांनी असतील, झाड एकच.

हे पत्र त्या एका आकड्यासाठी आहे: रोपं किती मायझाडांची, म्हणजे बी किंवा फांदी ज्यांची घेतली अशा किती झाडांची.

खानदेशातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला अवघड जाऊ नये, कारण आपण केळीवाले. आमच्या मळ्यात आधी बसराई होती, मग श्रीमंती आली, आता शिवारभर टिश्यू कल्चरची ग्रँड नैन. एका एकरात हजारावर खोडं उभी असली तरी आतून ते एकच झाड, हजार वेळा उभं केलेलं. त्याचा फायदा आपण घेतो. सगळे घड एका वेळी, एका मापाचे, गाडी एका दिवसात भरते. तोटाही आपणच भोगतो. करपा आला की बांधापासून बांधापर्यंत येतो, मोझॅक विषाणू शिरला की 'ह्या ओळीतली वाचतील' असं कोणी म्हणत नाही. जगाच्या बाजारात एकेकाळी ग्रो मिशेल नावाच्या केळीचं राज्य होतं. पनामा मर रोगानं १९६०च्या आसपास ती निर्यातीतून उठली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या केळी आल्या. आपली ग्रँड नैन त्याच गटातली. आता त्या गटालाही मारणारी मर रोगाची नवी जात भारतात शिरली आहे.

मळ्यात हे चालतं, कारण मळ्याला मालक असतो. फवारणी असते, ठिबक असतं, पीक गेलं तर पुढच्या हंगामात दुसरं बेणं आणता येतं. जंगलातल्या झाडाला त्याच्या आत जे आहे तेवढंच. कोणाच्या मुळ्या थोड्या खोल जातात, कोणाची पालवी आठ दिवस उशिरा फुटते, कोणाच्या सालीत डिंक जास्त, कोणाला वाळवी कमी लागते. हे फरक म्हणजेच जनुकीय वैविध्य. दुष्काळाच्या वर्षी एक मरतं, दुसरं तगतं, आणि तगलेल्याच्या बियांवर पुढचं जंगल उभं राहतं. १९७२ झेललेल्या आपल्या पिढीला दुष्काळाबद्दल मी काय सांगावं!

आता सालईकडे येतो, कारण ती माझ्या जिवाची.

पानगळीनंतर डोंगर उघडा पडतो तेव्हा लांबूनही ओळखू येते ती. राखाडी-पोपटी बुंधा, कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटणारी साल, आणि खाच पडली की वाळून धूप होणारा तो सुवासिक चीक. माघ-फाल्गुनात, अंगावर पान नसताना, पांढरट फुलांचे झुबके येतात आणि मधमाश्या घोंगावतात. फुलं मुबलक, फळं मात्र त्या मानानं फारच थोडी. असं का, याचा छडा सुन्निचन, मोहन राम आणि शिवण्णा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लागला. सालई स्वतःचा पराग स्वीकारत नाही. त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलातला परागही तिला चालत नाही. दुसऱ्या झाडाचा हवा, आणि तोही परक्या रक्ताचा.

पाटलांपासून पावऱ्यांपर्यंत आपल्याकडे एका कुळात सोयरीक करत नाहीत. सालईही करत नाही. तिच्याकडे भाट नाही, वंशावळ नाही, पण परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या पराग झेलणाऱ्या टोकावर, पडला की तिला ओळख पटते आणि ती त्याला तिथेच अडवते.

म्हणून त्या वाफ्यातल्या फांद्या पाहून मला धस्स झालं. एकाच झाडाच्या शेकडो फांद्या एका टेकडीवर लावल्या, सगळ्या जगल्या, सगळ्या फुलल्या, तरी त्या आपसात एकही फळ धरणार नाहीत. पंधरा-वीस वर्षांनी तुमच्या जागी आलेला अधिकारी हिरवी टेकडी बघून खूश होईल. सर्व्हेत जिवंत रोपांची टक्केवारी उत्तम निघेल. आणि त्या झाडांखाली सालईचं एक पोर उगवणार नाही. मग अहवालात 'चराईमुळे नैसर्गिक पुनरुत्पत्ती नाही' असं लिहिलं जाईल आणि बिचाऱ्या शेळ्यांवर खापर फुटेल. (शेळ्या निर्दोष आहेत असं नाही. पण न उगवलेलं रोप त्यांनी कसं खाल्लं?)

हे मी कल्पनेनं लिहीत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात लेकसाइड डेझी नावाचं पिवळ्या फुलांचं छोटं रोपटं आहे. तिथे त्याची शेवटची मोजकी रोपं उरली होती. दरवर्षी फुलायची, कीटक यायचे, बी मात्र वर्षानुवर्षं धरत नव्हतं. मार्सेला डिमॉरो या संशोधिकेनं तपासलं तेव्हा कळलं की उरलेली सगळी रोपं परागाच्या दृष्टीनं एकाच कुळातली आहेत. ओहायो राज्यातल्या रोपांचा पराग आणून लावला आणि बी धरलं. जागा, ऊन, पाणी, संरक्षण, काहीच कमी नव्हतं. सोयरा नव्हता.

दुसरी गोष्ट हवाई बेटांवरची, मौना किया पर्वतावरच्या सिल्व्हरस्वर्डची. चंदेरी पात्यांचा गोल गुच्छ, अनेक वर्षं तसाच वाढतो, एकदाच पुरुषभर उंच तुरा टाकतो आणि मरतो. बाहेरून आणून सोडलेल्या मेंढ्या-बकऱ्यांनी आणि गुरांनी ही वनस्पती इतकी चरली की ज्या कड्यांवर त्यांचे खूर पोचत नव्हते तेवढ्याच ठिकाणी थोडी उरली. १९७३पासून सरकारी लोकांनी मनावर घेतलं. फुललेल्या झाडांचं बी घेतलं, रोपं केली, डोंगरावर लावली. काम प्रामाणिक, रोपं शेकड्यांनी. मग वंश तपासला तेव्हा आढळलं की ती सगळी पुनर्लागवड अवघ्या दोन मायझाडांची लेकरं-नातवंडं आहे. रानात उरलेल्या मूठभर झाडांत जे वैविध्य अजून होतं, त्यातलं काही या शेकडो रोपांत उतरलंच नव्हतं. आणि सालईसारखंच हेही झाड स्वतःचा पराग न घेणारं! पुढे लोकांना कड्यांवर चढून उरलेल्या रानझाडांचा पराग आणावा लागला आणि तो लावलेल्या झाडांना हातानं द्यावा लागला. चूक दुरुस्त करायला जो खर्च आणि जी धडपड करावी लागली, तिच्या शतांशात सुरुवातीलाच दहा झाडांचं बी गोळा झालं असतं. तिथे मात्र त्यांना एक निमित्त होतं, झाडंच उरली नव्हती. आपल्याकडे झाडं उभी आहेत.

अंजनाचं म्हणाल तर तिथे बी आहे, फांदी नाही. त्यामुळे गोष्ट थोडी बरी. दोन मायांची पोरं असली तरी बाप वेगवेगळे असू शकतात. पण अंजनाला दरवर्षी भरघोस बी येत नाही. तीन-पाच वर्षांतून एकदा चांगलं वर्ष येतं. त्या एका वर्षी दोन झाडांखालचं झाडून घेतलं की तालुकाभर पोरं पसरतात ती त्याच दोन घरांची.

आता हिशेब. आपल्या घरी कळण्याचं दळण असतं, ज्वारी आणि उडीद मिसळलेलं. समजा त्या पोत्यात चुकून दोन-चार मेथीदाणे पडलेत. पोत्यातून एक मूठ काढली तर ज्वारी येणारच, उडीदही येणार, मेथी बहुधा येणार नाही. आणि त्या मुठीवरूनच पुढचं पोतं भरायचं ठरलं, तर मेथी कायमची गेली. झाडांचा समूह एकदम घटतो तेव्हा नेमकं हेच होतं. नेहमीचे गुण टिकतात, विरळ गुण आधी गळतात. आणि दुष्काळात किंवा नव्या रोगात कामी येणारा गुण नेमका विरळांतला असू शकतो.

पाच टक्के प्रमाणात असलेला एखादा जनुकाचा प्रकार घ्या. एका झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. दोनच झाडांच्या फांद्या घेतल्या तर तो प्रकार आपल्या हाती न लागण्याची शक्यता ८१ टक्के. दहा झाडांच्या घेतल्या तर ३६ टक्के. तीस झाडांच्या घेतल्या तर पाच टक्क्यांच्या आत, पन्नासांच्या घेतल्या तर एक टक्क्याच्याही आत. कॅल्क्युलेटरवर ०.९५ला स्वतःनंच गुणत राहा, झाडांच्या दुप्पट वेळा. दहावीचं पोरगं करेल. मार्शल आणि ब्राउन यांनी १९७५मध्ये जनुकीय वैविध्य राखण्यासाठी बी कसं गोळा करावं हे सांगताना हाच हिशेब मांडला होता, आणि तेव्हापासून तीस ते पन्नास झाडं हा आकडा जगभर बी गोळा करणारे वापरतात. गंमत बघा, शंभर झाडांच्या मागे धावायचीही गरज नाही. पन्नासानंतर मेहनत वाढते, फायदा फारसा वाढत नाही. दोन आणि तीस यांच्यातला फरक मात्र जमीन-अस्मानाचा आहे.

आणखी एक गोष्ट, ती जरा बारकाईची आहे, पण ह्याच गोष्टीमुळे मी आज लिहायला बसलो. पुढे ढकलता आलं असतं, तर ढकललंही असतं.

झाडांचा समूह घटला म्हणजे वैविध्य त्याच दिवशी घटतं असं नाही. एखाद्या वर्षायू तणाचं तसं होईल. सालई, अंजन, कांडोळ ही दीर्घायुषी मंडळी. मध्य प्रदेशात, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर नेपानगरला १९५०च्या दशकात वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना सुरू झाला. तिथे बांबूबरोबर सालईचाही लगदा वापरत. आमच्या आजोबांनी सकाळच्या चहाबरोबर वाचलेल्या पेपरात सालई होती असं म्हणायला हरकत नाही. मग जळण, खोकी, शेतीसाठी मोकळी केलेली जमीन, दरवर्षीचे वणवे, डिंकासाठी सालीला मारलेल्या खोल खाचा. जंगल विरळ होत गेलं. पण आज जी जाड बुंध्याची, अर्धी पोकळ झालेली, एकेकटी उभी झाडं दिसतात, त्यातली बरीचशी त्या घसरणीच्या आधी रुजलेली आहेत. ती दाट जंगलाची पोरं आहेत. त्यांचे आई-बाप शेकडो होते. म्हणून आज त्यांचा डीएनए तपासला तर निकाल छान येईल, वैविध्य भरपूर दिसेल, आणि कोणीतरी म्हणेल, बघा, काही बिघडलं नाही.

बिघाड त्यांच्या पोरांत दिसतो. तुकड्या-तुकड्यांत उरलेल्या जंगलांवर जगभर जे काम झालंय, त्यात ही खूण पुन्हा पुन्हा सापडते: म्हाताऱ्या झाडांत वैविध्य टिकलेलं, खालच्या रोपांत ओसरलेलं. म्हणजे आपल्याकडची प्रत्येक म्हातारी सालई ही जुन्या जंगलाची अजून न मोडलेली ठेव आहे. मुदत मात्र तिच्या आयुष्याएवढीच. तिच्या हयातीत, तिच्यासारख्या इतर म्हाताऱ्यांच्या परागासह, तिचं बी आपण पुढे नेलं तर संख्येतली घसरण वैविध्यातली घसरण होणार नाही. ती आडवी झाली की तेवढं गेलं. पुन्हा लाखभर रोपं लावली तरी ते परत येत नाही. नवे बदल निसर्गात घडतात, पण त्याचं कॅलेंडर पंचवार्षिक योजनांचं नाही.

संख्या कमी राहण्याचा काळ लांबला तर काय होतं, याचंही साधं गणित आहे. एका पिढीत खरोखर वंश पुढे नेणारी झाडं दहा असतील तर सरासरी पाच टक्के विविधता गळते. दोनच असतील तर पंचवीस टक्के. एखादी पिढी दहावर आली आणि पुन्हा वाढली तर निभावतं. दहा पिढ्या दहावरच अडकलं तर चाळीस टक्क्यांच्या वर जातं. म्हणून 'वंश पुढे नेणारी' हे शब्द महत्त्वाचे. टेकडीवर पाचशे झाडं असली आणि बी त्यातल्या चारच झाडांचं रुजत असेल, तर हिशेबात धरायचं ते चारच्या आसपास. इयन फ्रँकलिन या शास्त्रज्ञानं १९८०मध्ये ढोबळ मर्यादा सांगितली: जवळच्या नात्यातल्या संकराचा त्रास टाळायचा तर असे किमान ५०, आणि लांब पल्ल्यात बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायची ताकद ठेवायची तर ५००. आकड्यांवर वाद आहेत, काहीजण दुप्पट मागतात. डिसेंबर २०२२मध्ये मॉन्ट्रियलला जो जागतिक जैवविविधता आराखडा मान्य झाला, त्यात जनुकीय वैविध्य टिकवणं हे उद्दिष्ट म्हणून लिहिलंय आणि मोजमापासाठी हाच ५००चा आकडा घेतलाय. भारत त्यात सामील आहे. म्हणजे मी मागतोय ते काही गुरुजींचं खूळ नाही.

तुमच्यातलं कोणी वाचलेलं असेल तर विचारेल, सर, ऑस्ट्रेलियातला वॉलेमी पाइन? १९९४मध्ये सिडनीजवळच्या दरीत सापडला, मोठी झाडं शंभरही नाहीत, वैविध्य जवळजवळ शून्य, तरी जगतोय की! बरोबर. काही जाती अशाही तरतात. पण त्या दरीचा पत्ता आजही गुप्त ठेवतात, का ते बघा. माणसांच्या बुटांच्या मातीतून मूळकूज आत जाऊ नये म्हणून. ती मूळकूज २००५मध्ये आत पोचलीच. २०१९-२०च्या वणव्यात ती झाडं वाचवायला खास अग्निशामक पथक उतरवावं लागलं. आपल्या टेकडीवर वणवा लागला तर कोण उतरतं, हे वेगळं सांगायला नको. गावातली चार पोरं, हातात पळसाच्या फांद्या.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो मला एका वनरक्षकानंच ऐकवला. "सर, आधी रोप जगू द्या. पाणी नाही, राखण नाही, तुम्ही वंशावळ काय काढता?" मी गप्प झालो. त्याचं म्हणणं पटलंच. त्याच्याकडे जे क्षेत्र आहे ते दोन माणसांनाही आवरणारं नाही. पण विचार केल्यावर वाटलं, जगवण्याचा खर्च दोन झाडांच्या पोरांना आणि तीस झाडांच्या पोरांना सारखाच लागतो. तेवढंच पाणी, तेवढंच कुंपण, तेवढीच माणसाची मजुरी. उलट राखण करून, पदरमोड करून जगवायचंच आहे, तर जे पुढे स्वतःचं स्वतः रुजेल ते जगवलेलं बरं. जास्तीचं लागतं ते एक-दोन दिवसांचं चालणं आणि एक वही.

तर मागणी अशी. बी किंवा फांदी घ्याल तेव्हा किमान तीस झाडांची घ्या. ती एका नाल्यातली नकोत, चार-पाच नाल्यांतली, टेकडीच्या दोन्ही अंगांची हवीत, आणि दोन झाडांत शंभर पावलांचं तरी अंतर असावं, कारण जवळची झाडं बहुधा बहिणी-बहिणी असतात. प्रत्येकीचं बी साधारण सारखंच घ्या. एकीची गोणी आणि बाकीच्यांची चिमूट, असं झालं तर तीसचा काही उपयोग नाही. मैलभर एकट्या उभ्या झाडाचं बी वेगळं ठेवा, कारण त्याला सोयरा मिळालेला नसतो. सालईसारखी स्वतःचा पराग नाकारणारी जात असेल तर तिथे बी मिळणारच नाही. जी जात स्वतःचा पराग चालवून घेते तिचं मिळेल, पण रोपं अशक्त निघू शकतात. उलट अशा एकट्या झाडाची फांदी मात्र जरूर आणा आणि तिला इतरांच्या मधे लावा. टेकडीवर लावताना पिशव्या सरमिसळ करा. गाडीतून उतरल्या तशा एका ओळीत लावल्या तर भावंडं शेजारी-शेजारी उभी राहतात. सगळं एका वर्षात करू नका. काही झाडं यंदा फळतात, काही पुढच्या वर्षी.

लांबून आणू नका, हेही तितकंच. वैविध्य हवं म्हणून दक्षिणेतल्या कुठल्या राज्यातून पोतं मागवायचं, हा उपाय रोगाहून वाईट ठरू शकतो. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त, यावल-चोपड्याच्या पायथ्याला कमी, तोरणमाळच्या माथ्यावर थंडी निराळी. झाडं आपापल्या हवेला सरावलेली असतात. आधी शेजारच्या नाल्याचं, मग पुढच्या खोऱ्याचं, आणि तेही मिसळून. डोंगर मध्य प्रदेशच्या हद्दीपलीकडेही तोच आहे. परागाला सीमा नाही. परवान्याला आहे, तेवढं साहेबांनी बघावं.

मुसळीबद्दल थोडक्यात, कारण तिच्याबद्दल लिहायला बसलो तर राग येतो. सफेद मुसळी ही औषधी मुळांची वनस्पती. तिचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडलं, १९५४च्या सुमाराला. पण ती आपल्या सातपुड्यातलीही जुनी रहिवासी. पावसाळा संपून पानं वाळली की मुळं खणतात, आणि खणणारा स्वाभाविकच जाड मुळांची खणतो. म्हणजे सगळ्यात चांगल्या आधी जातात, मागे किरकोळ राहतात. बी कमी रुजतं, म्हणून लागवडही मुळांच्या गड्ड्यांनीच होते. तिथे केळीचीच गोष्ट पुन्हा सुरू. ग्रामसभांनी खणण्याचे पट्टे आलटून-पालटून बंद ठेवले आणि प्रत्येक पट्ट्यात काही जाड मुळांची झाडं बी पडेपर्यंत राखली, तर कायदा करायचीही गरज नाही. ज्यांना हे कसं करावं हे कळतं ती माणसं पाड्यांवरच आहेत. आम्ही शिक्षकांनी तिथे जाऊन शिकवू नये, ऐकावं.

जैवविविधता समित्यांना माझं वेगळं सांगणं आहे. २००२च्या कायद्यानं तुमच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही आली. माझ्या पाहण्यातल्या काही नोंदवह्यांत 'सालई – आढळते' एवढीच नोंद. आढळते हे शेळ्यांनाही माहीत आहे. किती म्हाताऱ्या, कुठल्या नाल्यात, कोणती फळते, कोणती फुलूनही फळत नाही, ते लिहा. फुलूनही वर्षानुवर्षं न फळणारं झाड ही सर्वात मोलाची नोंद आहे. तिला शेजारी सोयरा नाही, एवढं ती सांगते. राज्यानं २०२२मध्ये महाराष्ट्र जनुक कोशाला मान्यता दिली, जळगावला विद्यापीठ आहे. पानाचा तुकडा तपासून घ्यायला माणसं मिळतील. पण तपासायला झाड कुठलं, हे आधी गावाला माहीत असायला हवं.

आणि वनखात्याला एकच विनंती, तिला ना निधी लागत ना शासन निर्णय. रोपवाटिकेच्या फलकावर आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: 'मायझाडांची संख्या'. सरकारी भाषेत मातृवृक्ष म्हणा. २०१६ला दोन कोटी, २०१७ला चार, २०१८ला तेरा, २०१९ला तेहतीस, असे रोपांच्या उद्दिष्टांचे आकडे आपण राज्यभर ऐकले. त्या शेजारी हा छोटा आकडा असता तर किती बरं झालं असतं! रकाना असला की तो भरावा लागतो, आणि 'एक' असं लिहिताना कोणाचाही हात थोडा अडखळेल.

माझ्या वहीत आज २७ सालया आहेत, चार नाल्यांतल्या. प्रत्येकीला नंबर दिलाय, बुंध्याचा घेर सुतळीनं मोजलाय, मोबाइलवर जागा टिपून ठेवलीय. त्यातल्या ११ गेल्या साली फळल्या. १९ नंबरची आमच्या मातोश्रींच्या वयाची असावी. ती दोन साल झाली फुलते, पण फळत नाही. तिच्या फांद्या त्या रोपवाटिकेतल्या दादांनी मागितल्यात आणि बदल्यात बाकीच्यांचं बी आणायला ते स्वतः माझ्याबरोबर येणार आहेत. सालईची फळं मे महिन्याच्या अखेरीस तडकायला लागतात. त्याआधी आठ दिवस, सकाळी सहाला, उन्हं चढायच्या आत निघायचं. तीन झाडं कमी पडतात. तुमच्या बीटमध्ये, तुमच्या शिवारात असतील तर कळवा, सुतळी घेऊन येतो.

आपला नम्र,
चोपडा तालुक्यातला एक निवृत्त विज्ञानशिक्षक